चौदाशे बारा

उजवा बाण दाबला की पुढचा फोटो यायला हवा.
आज येत नाही.
चौदाशे बारावर लग्न थांबलंय:
नवरीची मावशी, हात वर,
अक्षता अर्ध्या हवेत.
मी दाबते, मावशी तिथंच.
दाबते, तिथंच.
फक्त जरा गोरी होते.

आधी वाटलं डोळे थकले.
साखर पेठेत, पत्र्याच्या माळ्यावर, दुपारी चारला
कुणाचेही थकतील.
मग वाटलं बटणाखाली चटणी गेली,
सकाळी इरेश इथंच बसून शेंगाचटणी-कडक भाकरी खात होता
आणि पुसतो कोण.
कीबोर्ड उलटा करून आपटला.
तांबूस भुगा पडला खरा,
बाण जागचा हलला नाही.

कंप्युटर बंद केला, चालू केला.
खालच्या झेरॉक्सवाल्या गड्डमकडून दुसरा कीबोर्ड आणला,
त्याची निम्मी अक्षरं झिजलेली, बाण मात्र शाबूत.
तेच.
डावा दाबला की मावशी सावळी,
उजवा दाबला की उजळ,
मागं नाही, पुढं नाही,
जणू मी लग्न बघत नाही,
कंदिलाची वात वरखाली करतेय.

इरेशला फोन लावला. तो अक्कलकोट रोडला, साखरपुड्यात.
"काढून टाक आणि परत घाल," म्हणाला.
मागच्या महिन्यात फ्रिजबद्दलही
हेच म्हणाला होता.

सहाला नायना आले, डबा घेऊन.
तीस वर्षं जॉबर होते मागावर.
माग भंगारात गेले, कारखान्यात आता टाइल्सचं गोडाऊन,
पण अजून कुठलंही यंत्र दिसलं की
मान जरा तिरकी करून उभे राहतात.
तसेच राहिले. मला दोनदा बाण दाबू दिला.
"बंद पडलं म्हणतेस. पण काहीतरी होतंय की.
जे होतंय ते बघ आधी.
धागा तुटलेला दिसतो एकीकडं,
धोटा अडकलेला असतो भलतीकडं."

बघितलं.
पडद्याच्या कडेला, उजेडाच्या पट्टीपाशी,
आकड्याच्या चौकोनाभोवती
एक निळी रेघ. केसाएवढी.
दुपारी मीच तिथं टिचकी मारली होती,
मावशीला एक घर उजळ करावं म्हणून,
गिऱ्हाइकाला आवडतं म्हणून,
आणि विसरले.
तेव्हापासून माझं प्रत्येक "पुढं"
तिथं "अजून थोडं" होऊन पोचत होतं.
बटण बिचारं बरोबर होतं.
बोलत होते एकाशी, ऐकत होता दुसरा.

एस्केपकडं बोट नेलं
आणि थांबले.
मावशी तर संपलीच होती,
अक्षता, दात, कपाळ, सगळं एक पांढरं.
पण तिच्या खांद्यामागं
जिथं मघाशी नुसता काळोख होता मंडपाचा,
तिथं उपड्या पातेल्यावर नवरीचे वडील.
फेटा गुडघ्यावर. बूट काढलेले.
शुगरचा माणूस, बायकोनं दहादा बजावलेला,
दोन्ही हातांनी जिलबी खातोय.
अठराशे फोटोंत हा गृहस्थ
रोवलेल्या बांबूसारखा उभा आहे.
इथं बसलाय.

नायनांनीही बघितलं.
बोलले नाहीत काही.
खिशातली जेवणाआधीची गोळी चाचपली
आणि खिडकीकडं गेले.

मी डावा बाण दाबत दाबत
मावशीला माघारी आणलं,
एकेक घर,
दुपारी होती त्याच्याही मागं,
तिच्या स्वतःच्या रंगापर्यंत.
तिथं सोडलं. उजळायचं काही नव्हतंच.
काळोख हळूहळू पातेल्यावर आला,
गुडघ्यावरच्या फेट्यावर,
चिकट बोटांवर,
जाड चादर ओढावी तसा.

मग एस्केप. फोटोवर टिचकी.
उजवा बाण.

चौदाशे तेरा.
अक्षता पडलेल्या.